बावीस दाढीवाले आणि पावतीकाकू

पावतीकाकूंचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची कुणाची छातीही नव्हती. तीस वर्षं त्या ड्रायक्लीनिंगच्या एका दुकानात काउंटरवर उभ्या होत्या, आणि त्या तीस वर्षांत पावती दाखवल्याशिवाय त्यांनी कुणाला हातरुमालसुद्धा परत दिला नव्हता. एकदा त्यांचा सख्खा दीर स्वतःच्या लग्नाचा सूट न्यायला आला आणि पावती घरी विसरला. काकू म्हणाल्या, "भाऊजी, सूट तुमचा आहे हे मला माहीत आहे. पण उद्या दुसरा कुणी येऊन हेच म्हणाला, तर मी काय करू?" दीर घरी गेला, पावती घेऊन आला आणि आपल्याच लग्नाला अर्धा तास उशिरा पोचला. लग्नाच्या सगळ्या फोटोंत तो धावत आल्यासारखा दिसतो.

काम साधं होतं, पण त्यात डोकं लागायचं. आलेल्या प्रत्येक कपड्याला कापडी चिठ्ठी टाचायची, त्यावर न पुसणाऱ्या शाईने गिऱ्हाइकाचं नाव घालायचं. कपडे धुऊन-इस्त्री होऊन आले की चिठ्ठ्या बघून अकारविल्हे दांडीवर टांगायचे. अ पासून ह पर्यंत. काकूंच्या हातांना हे इतकं बसलं होतं की बोलता बोलता, हिशेब करता करता, समोरच्या गिऱ्हाइकाला फैलावर घेता घेता हात आपले आपण लावत जायचे. निवृत्तीच्या दिवशी मालक भाषणात म्हणाले, "या बाईंच्या तीस वर्षांत एकाचा शर्ट दुसऱ्याच्या अंगावर गेला नाही." काकूंनी हे वाक्य ऐकून मान खाली घातली. त्यांच्या यजमानांनी मात्र ते पाठच करून टाकलं आणि पुढे येईल त्याला ऐकवायला सुरुवात केली.

यजमान म्हणजे घड्याळजी. लोक वेळ फोनवर बघायला लागले आणि त्यांचं दुकान बंद झालं. माणूस घरी आला, पण डोळ्याला लावायचं भिंग आणि बारीक कामाची खाज दोन्ही बरोबर घेऊन आला. पहिले दोन महिने त्यांनी घरातल्या सगळ्या वस्तू दुरुस्त केल्या. पुढचे दोन महिने त्या दुरुस्त केलेल्या वस्तू काकूंनी मेकॅनिककडून परत दुरुस्त करून आणल्या. पाचव्या महिन्यात कुठल्याशा रोपवाटिकेचं रंगीत सूचीपत्र त्यांच्या हाती लागलं, आणि घर वाचलं.

सूचीपत्रात बुटके दाढीवाले आयरिस होते. वीतभर उंचीचं फूल. तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली लोंबलेल्या, आणि प्रत्येक लोंबत्या पाकळीवर मधोमध केसाळ सुरवंट झोपवल्यासारखी दाढी. निळी, पिवळी, पांढरी, नारिंगी. घड्याळजींनी पान भिंगाखाली धरलं आणि म्हणाले, "बघ, बघ. केवढंसं फूल, आणि आत किती काम केलंय!" एखाद्या मनगटी घड्याळाचं झाकण पहिल्यांदा उघडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. त्यांनी बावीस जाती मागवल्या.

पार्सलातून आल्याच्या तुकड्यांसारखे बावीस कंद आले. काकूंना वाटलं, माणसाला फसवलं. पण घड्याळजींनी फाटकापासून नळापर्यंत वाफा खणला आणि पार्सलातून जो हाताला लागेल तो कंद लावत गेले. लावायचा तोही असा की कंदाची पाठ मातीच्या वर, उघडी. काकूंनी न राहवून दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माती ओढून घातली. त्यावर घड्याळजींनी तासभर व्याख्यान दिलं: याला पाठ शेकायला ऊन लागतं, झाकलंस तर कुजेल, ही काय तुझी नातवंडं आहेत पांघरूण घालायला? प्रत्येक कंदाशेजारी त्यांनी प्लॅस्टिकची पट्टी रोवली आणि त्यावर आपल्या मुंगीएवढ्या अक्षरात जातीचं नाव लिहिलं. नावं सूचीपत्राने दिलेली, भलतीच रसिक. 'अत्तरकुपी', 'उशिराचा पाहुणा', 'काजळरेघ', 'निळी चिमणी', 'लिंबूसाखर', 'शाईचा डाग', 'हसरी मावशी'.

"एक नकाशा काढून ठेवा की कागदावर," काकू म्हणाल्या.

"लेबलं आहेत ना. नकाशा कशाला?" घड्याळजी म्हणाले.

थंडीत वाफ्यात बघण्यासारखं काही नव्हतं. हिरव्या पानांचे बावीस छोटे पंखे, सगळे एकाच आईचे. पण लेबलं चिखलाने बरबटली होती, आणि बरबटलेली चिठ्ठी काकूंना बघवत नसे. एका दुपारी घड्याळजी दात दाखवायला गेले होते. काकूंनी बावीसच्या बावीस पट्ट्या फाटकापासून क्रमाने उपटल्या, साबणाच्या पाण्यात बुडवून त्याच क्रमाने एकेक घासली. शाई न पुसणारी होती, हे त्यांनी आधी एका कोपऱ्यावर घासून बघितलं होतं. तेवढी अक्कल तीस वर्षांत आली होती. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल पसरला. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. तिच्या सुनेने नवीन पडदे कसे आखूड शिवले, ही कथा पाऊण तास चालली. काकू "हो का? बाई गं!" म्हणत एकेक पट्टी पुसून टॉवेलवर मांडत होत्या.

फोन ठेवून त्या बाहेर गेल्या, आणि मांडल्या क्रमाने फाटकापासून पट्ट्या रोवत निघाल्या. कसं अगदी दुकानातल्या दांडीसारखं स्वच्छ, सुरेख दिसत होतं. नळापाशी पोचल्या तेव्हा हातात एकच पट्टी उरली होती. 'हसरी मावशी'.

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सावकाश मान वळवून फाटकाकडे बघितलं. तिथे 'अत्तरकुपी' होती.

अ पासून ह पर्यंत. हातांनी आपलं काम चोख केलं होतं.

पानांवरून काही कळतंय का, म्हणून काकूंनी वाफ्याच्या तीन फेऱ्या मारल्या. नुसत्या पंख्यांवरून कोण कोणाला ओळखणार? घड्याळजी परत आले. अर्धा गाल बधिर, तोंड वाकडं. वाफा बघून ते अडखळत म्हणाले, "वा! लेबलं धुतलीस? तुझ्याच हातची कामं ही." आणि काकू, ज्यांनी आयुष्यात कुणाची भीड ठेवली नव्हती, त्या गप्प बसल्या. फुलं आली की सूचीपत्रातल्या चित्रांशी ताडून गुपचूप बदलू, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

फुलं आली. आणि घोटाळा असा झाला की काकूंच्या आधी घड्याळजी वाफ्यावर जाऊन बसले.

'निळी चिमणी' पिवळीधमक उमलली. 'अत्तरकुपी'ला नाक खुपसून बसलं तरी वास येईना. आणि ज्याची ख्याती सगळ्यात शेवटी फुलण्याबद्दल, तो 'उशिराचा पाहुणा' सगळ्यांच्या आधी आठ दिवस हजर! घड्याळजी संतापले. त्यांनी रोपवाटिकेला चार पानी पत्र लिहिलं, सोबत फुलांचे फोटो जोडले. तिकडून अगदी नम्र उत्तर आलं, की साहेब, तुमचे फोटो पाहिले, सगळ्या जाती आमच्याच आहेत आणि बरोबर आहेत, फक्त लेबलं इकडची तिकडे झालेली दिसतात, कृपया तपासावीत.

घड्याळजींनी उलट टपाली जे लिहिलं ते पोस्टात टाकण्याआधी काकूंना मोठ्याने वाचून दाखवलं. "आमच्या घरात लेबलांची अदलाबदल होणे अशक्य आहे. लेबले माझ्या पत्नीच्या देखरेखीखाली असतात. तिच्या तीस वर्षांच्या कारकिर्दीत एकाचा शर्ट दुसऱ्याच्या अंगावर गेलेला नाही." वाचून त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कसं वाटतं?"

"शेवटचं वाक्य काढा," काकू म्हणाल्या.

"तेच तर खरं वाक्य आहे."

आता सांगायचं कसं? नवरा चुकला असता तर काकूंनी त्याला भर चौकात सांगितलं असतं. पण तो त्यांच्यावर विश्वास ठेवून चुकत होता. अशा माणसाला सुधारायचं म्हणजे आधी स्वतःला काउंटरवरून खाली उतरवायचं. काकू त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ घालून बसल्या.

रोपवाटिका निर्दोष, बायको निर्दोष. मग उरलं कोण? माती. पुढच्या वसंतापर्यंत घड्याळजींचा सिद्धांत तयार झाला. आपल्या वाफ्यातल्या मातीत असं काही आहे की ते फुलांचे रंग, वास आणि फुलण्याची वेळ फिरवतं. त्यांनी माती चाळली, सुकवली, भिंगाखाली बघितली, आणि एकदा जिभेवरही ठेवली. गावातल्या बागप्रेमी मंडळाच्या चार पानी पत्रकात त्यांचा लेख आला, 'मातीचा स्वभाव आणि फुलांचा रंग'. मंडळाचे अध्यक्ष दाताचे डॉक्टर होते. त्यांना घड्याळजींनी 'निळी चिमणी'चा एक तुकडा दिला होता. डॉक्टर म्हणाले, "पण माझ्याकडेही ती पिवळीच आली. माझी माती तर वेगळी आहे."

"कंदाला चिकटून माझी माती आली असणार," घड्याळजी म्हणाले.

"मी कंद धुऊन लावला होता."

"दातासारखा घासला होता का?"

डॉक्टरांनी वाफ्यावरून नजर फिरवली आणि सहज म्हणाले, "तुमची शिस्त मात्र मानली पाहिजे हं. सगळे अकारविल्हे लावलेत."

चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्या काकू दारातच थबकल्या. आता उजेड पडणार. घड्याळजींनी वाफ्याकडे बघितलं. कंद आपण हाताला लागेल तसे लावले होते, हे त्यांना आठवतंय असं क्षणभर वाटलं. मग ते छाती काढून म्हणाले, "हो. सवयच आहे मला."

काकूंनी ट्रे जरा जोरातच आपटला.

मधल्या काळात काकू स्वस्थ बसल्या नव्हत्या. दुपारी घड्याळजींचा डोळा लागला की त्या त्यांचं भिंग घेऊन वाफ्यावर जायच्या. सुरुवातीला भिंग डोळ्यात टिकायचं नाही, फुलात पडायचं. मग टिकायला लागलं. नुसत्या रंगावर जायचं नाही, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं. रंग उन्हात उडतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. बघायची ती दाढी. मुळाशी कोणता रंग, टोकाला कोणता, घशात शिरताना बदलतो की तसाच राहतो. मग उंची मोजायची, पण फूल पूर्ण उमललेलं असताना. वीतभराच्या आत राहिला तर अतिबुटका, वीत ओलांडली तर नुसता बुटका. एका दांड्यावर कळ्या किती, पहिलं फूल कधी, वास कसा. सगळं त्या दुकानातून आणलेल्या जुन्या पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या पानांवर लिहून ठेवायच्या. एकदा धीर करून त्यांनी दोन लेबलं गुपचूप बरोबर जागी लावलीसुद्धा. संध्याकाळी घड्याळजींनी ती परत जुन्या जागी लावली आणि म्हणाले, "मांजर फार माजलंय."

तिसऱ्या वसंतात मंडळाच्या वार्षिक सभेत घड्याळजींचं व्याख्यान ठरलं. वाचनालयाचा हॉल, चाळीस खुर्च्या, आणि पाहुण्या म्हणून कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाई. घड्याळजींनी कोट काढला, आरशासमोर उभं राहून "मित्रहो, माती बोलते" असं चार वेगवेगळ्या आवाजांत म्हणून बघितलं. काकू आतून ऐकत होत्या. या बाई पहिल्या पाच मिनिटांत ओळखणार, सहाव्या मिनिटाला विचारणार, आणि हा माणूस चाळीस लोकांसमोर उठून सांगणार की माझ्या बायकोच्या तीस वर्षांत एकाचा शर्ट दुसऱ्याच्या अंगावर गेला नाही. मग लोक हसतील. काकूंना नाही, त्याला.

सभेच्या आदल्या सकाळी काकूंनी चहा पुढे ठेवला आणि सांगून टाकलं. "अहो, लेबलं मी चुकवली. धुतली त्या दिवशी. माती बिती काही नाही."

घड्याळजींनी चहाचा घोट घेतला. "तुझ्याकडून नाही चुकणार."

"चुकली म्हणते ना मी!"

"सभेचं टेन्शन आलंय तुला. मला काही होत नाही, तू काळजी करू नकोस."

काकूंना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या चांगल्या नावाचा राग आला. "तुम्ही कंद अकारविल्हे लावले होते?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर म्हणाले म्हणून मी आपलं—"

"लावले होते का नाही?"

घड्याळजींचा कप हवेत थांबला. काकूंना त्यांच्या डोक्यातली चाकं फिरताना दिसत होती. फाटकापाशी 'अत्तरकुपी'. मग 'उशिराचा पाहुणा'. मग 'काजळरेघ'. दुकानातली दांडी. कप खाली आला. पण माणूस हट्टी. "तू नुसतं म्हणून चालणार नाही," ते म्हणाले. "सिद्ध कर."

ते बाहेर गेले आणि फुललेल्या चौदा जातींचं एकेक फूल तोडून आणलं. घरातले सगळे कप, औषधाची टोपणं, अंड्याचे स्टँड टेबलावर आले. प्रत्येकाखाली जागेचा नंबर लिहिलेली चिठ्ठी उलटी घातली. सूचीपत्र मांडीवर, भिंग डोळ्यात. "सांग."

काकूंनी पदराला हात पुसले. "ही खरी 'निळी चिमणी'. दाढी पांढरी, पण टोकं निळी, बघा. ही तुमच्याकडे 'शाईचा डाग' म्हणून उभी आहे. हा 'लिंबूसाखर', खालच्या पाकळीवर हिरवट झाक आहे, ती दुपारी जाते, म्हणून सकाळीच बघायचं. ही 'अत्तरकुपी'. नाक आणा इकडे. आला वास? तीन वसंत तुम्ही भलतीलाच हुंगत होता."

घड्याळजी एकेक ताडून बघत होते आणि त्यांची मान हळूहळू खाली जात होती. बारा झाली. शेवटच्या दोन गडद जांभळ्या फुलांपाशी काकू थांबल्या. "यांतलं 'काजळरेघ' कोणतं आणि 'शाईचा डाग' कोणता, हे मला सांगता येत नाही. दोघांची उंची तीच, दाढी तीच. खोटं नाव नाही देणार मी."

मग घड्याळजींनी भिंग काढलं. डोळ्याभोवती लाल गोल उमटला होता. "म्हणजे तीस वर्षांत पहिल्यांदा चुकलीस तू," ते म्हणाले.

"दुसऱ्यांदा," काकू म्हणाल्या. आता बोलायला सुरुवात केलीच होती. "एकदा दोन करडे कोट बदलले होते. सारखेच होते. दोघंही काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही. दोघं अजून एकमेकांचे कोट घालून फिरतात. एक तर तुमचे दाताचे डॉक्टरच आहेत."

घड्याळजींच्या तोंडून आवाज निघाला. काकूंना वाटलं, माणूस रडतो की काय. तो हसत होता, पण फार वेळ नाही. लगेच कोटाच्या खिशातून व्याख्यानाचे कागद काढून त्याने ते आडवे फाडले.

सभेला घड्याळजी उभे राहिले. "मित्रहो," ते म्हणाले, आणि चारांपैकी एकही आवाज लागला नाही. "मातीचा काही संबंध नाही. माझा लेख चुकीचा होता. लेबलं बदलली होती. कशी बदलली, ही आमची घरगुती बाब आहे." एवढं बोलून ते बसायला लागले.

हॉलमध्ये खसखस पिकली. वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी पेनाचं टोपण लावलं. तिसऱ्या रांगेत काकूंनी दोन सेकंद मांडीवरची पर्स घट्ट धरली. घरगुती म्हणे. नवरा आपलं नाव वाचवून स्वतः हशात बसणार, आणि आपण टाळ्या वाजवायच्या?

"मी बदलली," त्या उभ्या राहून म्हणाल्या. "धुताना. यांना काही माहीत नव्हतं. यांनी फक्त माझ्यावर विश्वास ठेवला, तेवढीच यांची चूक."

हसू एकदम बंद पडलं. डॉक्टरांनी घसा खाकरला. "मग वहिनी, माझ्या दारात आहे ती कोण?"

"दाढीची टोकं कोणत्या रंगाची आहेत?"

"टोकं... तेवढं नाही बघितलं."

"रोज लोकांच्या तोंडात बघता, फुलाच्या तोंडात नाही बघितलंत?"

बाई मोठ्याने हसल्या आणि म्हणाल्या, "यांनाच बोलू द्या." काकू चाळीस मिनिटं बोलल्या. ते दोन गडद जांभळे आपल्याला अजून ओळखता येत नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. त्यावर बाई म्हणाल्या, मलाही त्या दोघांची खात्री देता येत नाही. घड्याळजी पहिल्या रांगेत बसून सगळं लिहून घेत होते.

परत येताना ऊन कलतं होतं. अर्ध्या वाटेवर घड्याळजी एकदम म्हणाले, "दोन वर्षं. दोन वर्षं रोज दोनदा चहा दिलास मला. तोंडावर कधी काही दिसलं नाही तुझ्या."

"तुम्ही तोंडाकडे बघत होता कुठे? दाढ्यांकडे बघत होता."

घड्याळजी थांबले. भर रस्त्यात त्यांनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि बायकोच्या तोंडाजवळ तोंड नेलं. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवली, शिवीही दिली. त्यांनी लक्ष दिलं नाही.

"हनुवटीवर एक केस आहे," ते म्हणाले. "मुळाशी काळा, टोकाला पांढरा."

"अहो, लोक बघतायत!" काकू म्हणाल्या आणि पर्स त्यांच्या दंडावर हाणली.